जन्माची नोंद गावी, मृत्यूची मुंबईत

१९२१ साली मुंबई महापालिकेच्या आरोग्य खात्याने तान्ह्या मुलांच्या मृत्यूचे आकडे घरातल्या खोल्यांप्रमाणे लावून दाखवले. चार किंवा त्याहून जास्त खोल्यांच्या घरात दर हजार जन्मांमागे १३३ मुलं वर्षाच्या आत दगावली होती. तीन खोल्यांच्या घरात १९१, दोन खोल्यांच्या घरात ३२२. आणि एका खोलीत राहणाऱ्यांची ८२८. सबंध शहराचा आकडा साडेसहाशेच्या वर होता. त्याच साली इंग्लंडात तो ८३ होता.

हजारातली ८२८ गेली, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास जगली. हे शब्दशः खरं असतं, तर गिरणगाव दोन पिढ्यांत ओस पडायला हवं होतं. ते तर वाढतच होतं. आकडा कुणी बनवलेला नव्हता, पण त्या हिशेबाची एक बाजू मुंबईत नव्हतीच. ती रत्नागिरी जिल्ह्यात होती.

त्या काळी रत्नागिरी जिल्हा म्हणजे मंडणगडापासून थेट वेंगुर्ल्यापर्यंतचा पट्टा. आजचा बराचसा सिंधुदुर्ग त्यातच. पावणेबारा लाखांच्या मुंबईत दर पाचांत एक माणूस या एका जिल्ह्यात जन्मलेला होता. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका आणि मुंबईत जेमतेम सव्वापाचशे. चाकरमानी गिरणीत, घरधनीण गावी भाताच्या खाचरात, अशी ही दोन ठिकाणी मांडलेली चूल. पण सगळ्याच बायका गावी राहत नव्हत्या. नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून, नवरा गेला म्हणून, किंवा खोताचं देणं फिटत नाही म्हणून कितीतरी जणी मुंबईला आल्या आणि गिरणीच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत लागल्या. घाटावरच्या बायकाही त्यांत होत्या, पण कोकणातल्या भरपूर. गिरणीत साधारण पाचांत एक कामगार बाई होती. तिच्यावर मुकादमी करणारी नायकीण. कामावर घ्यायचं कुणाला आणि काढायचं कुणाला, हे बहुतेक तिच्याच हातात.

दिवस भरत आले की यातली बरीच जण मुलखाला जायची. मुंबईत बाळंतपण करायला जागा नव्हती, माणूस नव्हतं आणि खाडा परवडत नव्हता. गावी निदान आई किंवा सासू होती. जाणं म्हणजे आगबोटीचा प्रवास. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत बोट जायची. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईने हलत्या बोटीवरून हलत्या पडावात पाय टाकायचा, मग किनाऱ्यापासून गावापर्यंत बैलगाडी नाहीतर पायी घाटी. शिवाय मे महिना सरला की बोटी बंद व्हायच्या, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू. ज्या बाईचे दिवस श्रावणात भरणार, तिने मेअखेरीलाच निघायला हवं. म्हणजे तीन महिन्यांची मजुरी बुडाली. नाही निघाली, तर मुंबईतच चाळीत बाळंत व्हायचं.

गावी मूल जन्मलं की नोंद, झालीच तर, गावच्या दप्तरात. तीन-चार महिन्यांनी बाई मूल पदरात घेऊन परत आली आणि ते मूल चाळीत दगावलं, तर त्याची नोंद मात्र मुंबईत. कारण मसणवटीतल्या पुस्तकातून मृत्यू सहसा सुटत नसे. भागिले करायचे जन्म रत्नागिरीच्या दप्तरात आणि भागायचे मृत्यू मुंबईच्या. त्यामुळे भागाकार फुगणारच. ही गोष्ट आरोग्य खात्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण आकडा फुगीर आहे म्हणून वजाबाकी केली तरी दोन खोल्या आणि चार खोल्या यांच्यातली दरी काही भरून येत नाही. चार खोल्यांच्या घरातलं मूलही मुंबईचंच पाणी पीत होतं आणि मुंबईच्याच पावसाळ्यात वाढत होतं.

गावी काय सोय होती, तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी इस्पितळ, मोठ्या गावी एखादा दवाखाना आणि वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचे डॉक्टर.   बाकीच्या हजारो बाळंतपणांना सुईण. नाळ कापायला घरात जे धारेचं असेल ते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, बाळंतशेपेची धुरी, दारं-खिडक्या बंद. तिला अळीव, डिंक, तूप मिळालं तर शरीर भरून यायचं, आणि हे माहेरपण मुंबईत मिळणारं नव्हतं, हेही खरं. पण नाळ कापताना शिरलेला धनुर्वात नेमका पहिल्या आठवड्यात मुलाला न्यायचा. पाचवी पुजायची आणि सहाव्या रात्री सटवाईने कपाळी काय लिहिलं त्याची धास्ती घ्यायची, ही रीत इतकी घट्ट का बसली असेल, त्याचं एक कारण मला तरी इथेच दिसतं. मूल राहणार की जाणार, हे त्याच दिवसांत ठरत होतं.

आता जरा विलायतेकडे वळू, कारण मुंबईत पुढे जे काही सुरू झालं त्याचा नमुना तिथला होता. १८९९ साली इंग्लंड-वेल्समध्ये दर हजारी १६३ तान्ही मुलं मरत होती. हे पूर्वीही होतं. पण बोअर युद्धाच्या भरतीत पुष्कळ गडी अशक्त म्हणून परत पाठवावे लागले, तेव्हा साम्राज्याला घाम फुटला. शिपाई हवे असतील तर आधी बाळं जगायला हवीत. १८९९मध्येच सेंट हेलेन्स या काचकारखान्यांच्या गावी नगरपालिकेने स्वच्छ दुधाचं केंद्र उघडलं. हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी तर आपल्या भागात जन्मलेलं मूल वर्षाचं झालं की एक पौंड देऊ, असं लेखी वचन घरोघर दिलं. १९०७ साली लंडनच्या सेंट पँक्रास भागात ‘आयांची शाळा’ निघाली: आठवड्याला मुलाचं वजन करायचं, अंगावर पाजणाऱ्या आईला एक वेळचं जेवण द्यायचं, चार गोष्टी समजावायच्या. त्याच साली जन्माची खबर ताबडतोब आरोग्य अधिकाऱ्याला देण्याचा कायदा झाला, म्हणजे भेट देणारी बाई लगेच दारात पोचणार. १९१८च्या कायद्याने ही केंद्रं चालवण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला.

या सगळ्या खटाटोपात एक गृहीत होतं, की मुलं मरतात ती आईच्या अडाणीपणामुळे. लंडनमधल्याच काही बायकांना ते पटलं नाही. मॉड पेंबर रीव्ह्ज आणि त्यांच्या मैत्रिणींनी लॅम्बेथमध्ये आठवड्याला पौंडभर मिळकतीच्या घरांचा पैनपैचा हिशेब लिहून घेतला आणि दाखवून दिलं की या आया संसार उत्तम करतात, फक्त त्यात पैसाच नाही. १९११च्या विमा कायद्यात बाळंतपणासाठी तीस शिलिंगांची रोख मदत आली, ती अशा बोलण्यातूनच. आणि ते पैसे नवऱ्याच्या नव्हे, आईच्या हातात पडावेत म्हणून १९१३मध्ये दुरुस्तीही झाली.

मुंबईला विलायतेतून आधी काय आलं? वजनाचा काटा आला. तीस शिलिंग नाही आले. आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांच्या काळापासून महापालिकेच्या परिचारिका चाळींतून फिरू लागल्या होत्या. गव्हर्नरांच्या बायका, आधी लेडी विलिंग्डन आणि मग लेडी लॉइड, यांच्या पुढाकाराने प्रसूतिगृहं आणि शिशुकल्याण केंद्रं निघाली. १९२४ सालापासून व्हाइसरॉयांच्या पत्नी लेडी रीडिंग यांनी देशभर ‘बेबी वीक’ सुरू केला. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा, बक्षिसं, भिंतीवरची चित्रं. केंद्रांत बाळाला आंघोळ घालून मिळे, दूध मिळे, खरूज-डोळ्यांवर औषध मिळे. ही कामं क्षुल्लक नव्हती. पण केंद्र ज्या वेळी उघडं असे, त्या वेळी गिरणीही चालू असे आणि बाईचा दिवस अकरा तासांचा होता. मूल वजनाला आणणार कोण?

मूल होतं तरी कुठे, हे एका सरकारी चौकशीतून बाहेर आलं. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला आणि हिंदुस्थान सरकारला या प्रश्नाचा अभ्यास करून कळवायला सांगितलं. त्या ओघात मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरीण बाईंना नेमलं. १९२२मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. सरकारी कागदांत असं लिखाण क्वचित सापडतं.

एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, साधारण पंधरा फूट बाय बारा. बाईंना सांगण्यात आलं की इथे सहा कुटुंबं राहतात. खरं-खोटं करायला फार लांब जावं लागलं नाही. जमिनीवर सहा चुली मांडलेल्या होत्या. लहानथोर मिळून माणसं तीस. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. बार्न्सबाईंनी सोबतच्या परिचारिकेला विचारलं, इथे बाळंतपणाला आडोसा कसा करणार? तिने एक कोपरा दाखवला. तीन फूट बाय चार. तेवढ्यावर पडदा लावायचा. रात्री सहा चुलींचा धूर त्याच खोलीत कोंडणार. आणि ही काही निवडून काढलेली खोली नव्हती. अशा बऱ्याच पाहिल्या, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

त्याच अहवालातला दुसरा आकडा अफूचा. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती. ‘बाळागोळी’ म्हणून ती मिळायची. सकाळी भोंग्याआधी एक गोळी, की मूल निपचित पडून राही. ना रडणं, ना दूध मागणं. कुणी शेजारीण, कुणी म्हातारी लक्ष ठेवी. भूक मेलेलं मूल सुकत जायचं आणि पहिल्याच जुलाबात जायचं. केंद्रांतून अफूविरुद्ध व्याख्यानं झाली, चित्रं लागली. ऐकणारीला ते सगळं पटतही असेल. पण गोळी न देता अकरा तास मूल कुठे ठेवायचं, याचं उत्तर व्याख्यानात नव्हतं. पाळणाघरं बोटांवर मोजण्याइतक्या गिरण्यांत होती. गोळी हा आईचा अडाणीपणा असं जे लिहिलं गेलं, ते मला वाचवत नाही; तिच्या मिळकतीत बसणारं पाळणाघर तेवढंच होतं.

१९२६ साली परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं, आणि तीन वर्षांनी शेजारीच मुलांचं बाई जेरबाई वाडिया इस्पितळ. नेस आणि कुस्रो वाडिया या गिरणीमालक भावांनी वडिलांच्या आणि आईच्या नावे दिलेली ही दोन इस्पितळं. गिरणगावातल्या बायकांना तिथे खरोखर आधार मिळाला, आजही मिळतो. पण इस्पितळातून दहाव्या दिवशी घरी आलेल्या बाईला अकराव्या दिवशी कामावर जायचं की नाही, हे इस्पितळ ठरवू शकत नव्हतं. ते पैशावर ठरत होतं, आणि पैशाचा प्रश्न शेवटी कायदेमंडळात गेला.

तिथे नेणारे पहिले ना. म. जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. वॉशिंग्टनच्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेच गेले होते. १९२४मध्ये त्यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते पडलं. सरकारचं म्हणणं, बायकांची तशी मागणी नाही आणि देश अजून तयार नाही. मग मुंबईच्या विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी आसवले यांनी मुंबई इलाख्यापुरतं विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगडाजवळचं आंबडवे. लहानपणचा काही काळ दापोलीत गेलेला. रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. संसार परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत. आरोग्य खात्याच्या त्या तक्त्यात हे घर ‘दोन खोल्या’ या रकान्यात बसतं. या घरात पाच मुलं जन्मली आणि यशवंत तेवढे जगले. धाकटा राजरत्न जुलै १९२६मध्ये गेला. विधिमंडळातल्या भाषणात यातलं काहीही आलं नाही. बाबासाहेब वकिलासारखे बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. लोकांचं कल्याण हे मुळात सरकारचं काम, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी आपण होऊन मान्य केलं. पण म्हणून मालक सुटत नाही. बाई कामाला ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो, मग त्या फायद्याबरोबर येणारा भारही थोडा त्याने सोसावा. दुसऱ्या प्रांतांत असा कायदा नाही, आमचीच गिरणी का बुडवता, या मालकांच्या ओरड्याला हे उत्तर होतं.

१९२९ साली मुंबई प्रसूतिलाभ कायदा झाला. मुंबई, अहमदाबाद आणि कराची या शहरांत दिवसाला आठ आणे. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार. ही रक्कम बाईच्या रोजमजुरीहून कमी होती. पण वजनाच्या काट्यानंतर पहिल्यांदाच तिच्या हातात रोख काहीतरी पडणार होतं.

याच मुंबईत, याच काळात, रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका माणसाने हा प्रश्न उलट्या बाजूने धरला होता. मुरूडच्या महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं तेही त्याच साली. रघुनाथरावांच्या पत्नी मालतीबाई मिळवत्या होत्या, म्हणून घर चाललं. रघुनाथरावांची स्वतःची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी या मतांपायी गेली. मूल जगवा म्हणणाऱ्या लेडी मंडळींना आणि मूल कधी व्हावं हे बाईने ठरवावं म्हणणाऱ्या कर्व्यांना एका व्यासपीठावर कुणी बसवलं नाही. बसवलं असतं तर गिरणीतल्या बाईने कुणाचं ऐकलं असतं, याविषयी मला फारशी शंका नाही.

१९२९च्या प्रसूतिलाभ कायद्याचा एक परिणाम मालकांनी भराभर घडवून आणला. जिला भत्ता द्यावा लागेल अशी बाई घ्यायचीच कशाला? लग्न झालेल्या तरण्या बायकांऐवजी पुरुष, नाहीतर विधवा आणि वय झालेल्या बायका. दिवस गेलेल्या बाईला भत्त्यासाठी लागणारे नोकरीचे महिने पुरे होण्याआधीच नायकिणीकरवी घरी पाठवता येत होतं. त्यातच मंदी आली, एकाच माणसाने जास्त यंत्रं सांभाळायची नवी पद्धत आली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण उतरत गेलं. कामावरून सुटलेल्यांपैकी किती जणी बोटीत बसून मुलखाला परत गेल्या, ते कुठल्या तक्त्यात नाही.

आणि मुलखाला गेली की ती कायद्याच्या बाहेरच गेली. भाताच्या लावणीत कमरेत वाकून नववा महिना काढणाऱ्या बाईचा मालक कोण? खोत? सासरा? ती स्वतः? १९६१चा देशव्यापी प्रसूतिलाभ कायदा आला, तोही कारखाने, खाणी, मळे अशा नोंदलेल्या जागांपुरता. शेतात राबणाऱ्या गरीब बाईला बाळंतपणासाठी केंद्र सरकारने पहिल्यांदा रोख मदत देऊ केली ती १९९५च्या योजनेत. दारिद्र्यरेषेखालची असेल तर, पहिल्या दोन बाळंतपणांपुरती, प्रत्येक वेळी ३०० रुपये.